ढकलायची गाडी

आई,

गेल्या शनिवारी मी गोल्फची ट्रॉली विकत घेतली. हा खेळ तुला माहीत असायचं कारण नाही. मोठ्या हिरव्या मैदानावर काठीने छोटा चेंडू मारायचा आणि तो भोकात पडेपर्यंत त्याच्यामागे चालत जायचं. काठ्या दहा-बारा असतात. त्यांची पिशवी खांद्यावर घ्यायची नसेल तर तीन चाकांच्या एका गाडीवर बांधतात. बॅटरीवर आपोआप चालणाऱ्या गाड्याही मिळतात. त्या आमच्या आवाक्याबाहेरच्या, आणि मला आपोआप चालणारी नकोच होती. ढकलावी लागणारी हवी होती. का, ते तुला सांगते.

वर्षाच्या सुरुवातीला तुझ्या जावयांना पक्षाघाताचा झटका आला. सौम्य. वाचा गेली नाही, हातही परत आला, डावा पाय मात्र अजून जमिनीला घासतो. तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये उभ्या शिड्या चढले-उतरलेला माणूस. फिजिओथेरपिस्टने चार टोकांची काठी दिली, ती चपलांच्या कपाटात पडून आहे. “म्हाताऱ्यांच्या रांगेत इतक्यात उभं करू नकोस मला,” म्हणाले. काठीशिवाय तोल जायची भीती आणि काठी धरायची लाज, म्हणून घराबाहेरच पडत नाहीत. इथे परदेशात, यिशुन भागातल्या आमच्या ब्लॉकखाली कॉफीशॉप आहे, लिफ्टपासून वीस पावलांवर. तिथेही नाही. असे चार महिने गेले. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, या काही महिन्यांत पाय चालला तर चालला, मग अवघड आहे. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी ऑफिसात, मीटिंग चालू असताना, मला तुझी चाकांची खुर्ची आठवली.

मी सातवीत आहे. मे महिन्याची सुट्टी आहे आणि घरी कुणी नाही म्हणून तू मला मिरजेच्या दवाखान्यात, तुझ्या कामावर घेऊन आली आहेस. सकाळच्या पाळीला तू पाव तास आधी पोचायचीस, ते चांगली खुर्ची मिळावी म्हणून. इतर आयाबाया दाराजवळची उचलायच्या. तू एकेक ढकलून बघायचीस, मुठींवर अंगाचा भार टाकून बघायचीस. मग बसायच्या जागेवर धुतलेल्या चादरींचा मोठा गठ्ठा ठेवायचीस. मला वाटायचं, चादरी वॉर्डात न्यायच्या असतील. भार टाकला तरी खुर्ची कलंडू नये म्हणून ते वजन होतं, हे फार नंतर कळलं. त्या दिवशी हर्नियाच्या ऑपरेशनचा एक पैलवान होता. आठवडा झाला तरी खाटेवरून उठत नव्हता, डॉक्टर ओरडून दमले होते. तू खुर्ची त्याच्या खाटेशी आणलीस. “पैलवान, एवढी खुर्ची त्या टोकाला नेऊन द्या की. मला एक्स-रेकडं पळायचंय.” तो म्हणाला, “तेवढं काय, आणा.” आणि उठला. मुठी धरून, वाकून, एकेक पाऊल टाकत निघाला. तू एक्स-रेकडे गेलीच नाहीस. त्याच्या मागे राहून खिडकीबाहेर बघत चाललीस. मी मोठ्याने म्हटलं, “आई, तो बघ चालला!” तो तिथेच थांबला. घाबरून खाली बसायला जागा शोधू लागला. संध्याकाळी घरी येताना तू एवढंच बोललीस. “तोंड आवरत नाही तुला? खुर्ची ढकलत होता, ढकलू द्यायची होतीस.” त्यानंतर सुट्टीभर तू मला नेलं नाहीस.

दुकानातला चिनी अंकल फार भला माणूस. त्याने सगळ्यात हलकी ट्रॉली एका बोटावर उचलून दाखवली. “आंटी, धिस वन व्हेरी लाइट लाह. एव्हरीबडी बाय धिस वन.” मी दोन्ही हातांनी तिच्या दांड्यावर रेलले. पुढचं चाक वर आलं आणि गाडी हातातून निसटली. दुसरीचंही तेच. दोन चाकांची, आपल्यामागे ओढत न्यायची स्वस्त होती, पण तिला पुढे धरायला काहीच नाही. “आंटी,” तो म्हणाला, “यू वॉन्ट टू बाय ऑर यू वॉन्ट टू फाइट?” मी हसले आणि चौथीवर रेलले. मागची चाकं रुंद अंतरावर, दांडा जवळजवळ त्यांच्याच वर, उंची कमी-जास्त करता येणारी, हाताशी ब्रेक. अगदी जोर केला तर हिचंही पुढचं चाक उचललं जायचं, पण थोडंच. फोटो काढून फिजिओथेरपिस्टला पाठवला. सपाट जमीन, ब्रेक, आणि तुम्ही शेजारी, असं तिचं उत्तर आलं. सगळ्यांत जड गाडी घेऊन मी टॅक्सीत बसले.

घरी खोटं बोलले. “मला गोल्फ शिकायचाय.”

“तुला?”

“रिटायर व्हायच्या आधी एक तरी खेळ यायला हवा. तुमची काठ्यांची पिशवी आजारापासून धूळ खातेय तिकडे. पण माझं मनगट दुखतं. गाडी तुम्ही ढकलायची.”

“म्हणजे मी हमाल?”

“इतकी वर्षं मी होते, आता तुम्ही व्हा.”

त्यांनी पिशवी हलवून बघितली. “दगड भरलेस की काय?”

“पाणी आहे.”

“सहा बाटल्या? कुठे चाललोय आपण, वाळवंटात?” मग ट्रॉली उलटी करून चाकं फिरवली, कान लावला. “हे डावं जरा घट्ट बसवलंय गाढवाने. पाना दे.” चार महिन्यांत त्यांनी पाना मागितला नव्हता. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडला.

मंगळवारी सकाळी आम्ही नऊ होल्सच्या सार्वजनिक मैदानावर गेलो. ऊन चढायचं होतं, माणसं थोडी होती. माझा पहिला फटका हवेत गेला, दुसराही. तिसऱ्याला मातीचं ढेकूळ उडालं आणि ते मोठ्याने हसले. “अगं, चेंडूकडे बघ, माझ्याकडे काय बघतेस!” मी कुठे बघत होते, ते तुला कळेल. गवतावर डावा पाय घासत होता, उजवा पुढे पडत होता, हात दांड्यावर घट्ट. चूक सांगायला ते माझ्यापर्यंत येत, पुन्हा चेंडूपर्यंत जात. मी मुद्दाम वाकडे फटके मारले असं नाही, मला दुसरे येतच नव्हते. या वेळी तोंड आवरलं.

तिसऱ्या होलनंतर वाट थोडी उतरते. तिथे मी पुढे होऊन दांड्याच्या कडेला हात ठेवला. त्यांनी ब्रेक दाबत गाडी खाली आणली. खाली थांबून घाम पुसला. म्हणाले, “पुढच्या मंगळवारी बाटल्या चारच ठेव. सहांची गरज नाही मला.” कधी ओळखलं, ते मी विचारलं नाही.

हे पत्र मी वहीतच ठेवणार आहे. कुणाला दाखवणार नाही, ह्यांनाही नाही. त्या उताराबद्दल एक राहिलं. तू असतीस तर हात लावला नसतास. मी लावला, तो त्यांना सावरायला नव्हे. ते चालत होते, आई. माझेच पाय कापायला लागले होते आणि धरायला दुसरं काही जवळ नव्हतं.