हसनची वाकडी माशी

मांडवी, बुधवार, संध्याकाळ

सिद्ध करायचे ते एवढेच: हसनने गळावर पीस आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी मी सोडून पुन्हा बांधली, ती केवळ मासा लागावा म्हणून.

कोंबड्याचे पीस सैल बांधले, तर ते पाण्यात गरगरते आणि तळ्यातला मरळ त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. हसनचे पीस सैल होते, शिवाय वाकडे. हे निर्विवाद आहे.

मात्र पक्षाघातानंतर त्याचा उजवा हात आता कुठे हलू लागला आहे. माझ्या पडवीत बसून, दोऱ्याचे टोक दातांत धरून, तासभर खपून त्याने ती गाठ मारली. तो नमाजाला उठला आणि मी ती सोडली. माझा हेतू... पण हेतूवर नंतर येऊ.

परतल्यावर त्याने माशी उजेडात धरली.

"ही माझी नाय."

"पीस वाकडं होतं, हसन."

"मी पण वाकडाच झालोय, वकीलसाहेब. मग मला पण सोडून परत बांधणार काय?"

तो हसला. पण चहा न घेता गेला. रोज जाताना "उद्या येतो" म्हणतो. आज म्हणाला नाही. ते वाकडे पीस डोळ्यांसमोरून हलत नाही.

आणि मासा? हसनला अजून गळ फेकताच येत नाही. तळ्यावर जायचे ठरलेलेही नव्हते. मग घाई कोणाला होती?

चूक मान्य करतो. मासा हे निमित्त होते. त्या माशीत त्याचा हात दिसत होता, आणि तो मला पाहवत नव्हता.

— माधव