पाटीवर तारीख हवी

२१ सप्टेंबर १९८६

सिराज आला तो पेढे घेऊनच! नदीकाठच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी एकसष्टच्या पुराची पाटी लागणार – दगडात कोरलेली – आणि तीवर ह्यांचं नाव. "भाभी, भाईजाननं सहा माणसं पाण्यातून काढली. आता येणारा-जाणारा वाचेल." बोलता बोलता धाकट्या दिराचे डोळे भरले. मलाही बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

२४ सप्टेंबर

पाटी लावणाऱ्या समितीचे चिटणीस श्रीधरपंत मजकूर घेऊन आले. "पुरात सहा जणांना वाचवून हुसेन यांनी येथे प्राण दिले." खाली जन्म आणि मृत्यू, तारखांची जागा कोरी.

मी म्हटलं, मृत्यू खोडा. ह्यांचं काहीच सापडलेलं नाही. पाणी ओसरल्यावर ओळीनं ठेवलेले सगळे चेहरे मी पाहिलेत, पोरीला कडेवर घेऊन. त्यात हे नव्हते.

श्रीधरपंतांनी कप खाली ठेवला. "बिलकिसबाई, हयात माणसांच्या पाट्या पुण्यात दारावर असतात. रस्त्यावर लावायची तर तारीख लागते."

माणूस गेला तरी माझा राग जाईना. भांडी घासून काढली सगळी, घासलेलीसुद्धा.

२६ सप्टेंबर

दुसरा मजकूर करून नेला – "सहा जणांना वाचवले. त्यानंतर परत आले नाहीत." श्रीधरपंत म्हणाले, "हे पोलीस चौकीवर शोभेल." मग स्वतःच वरमले. पाणी विचारलं. म्हणाले, घटस्थापनेला मजकूर कारागिराकडे जायला हवा. तोवर तारीख नाही मिळाली, तर नुसती पुराची पाटी लावू, नावाशिवाय.

२८ सप्टेंबर

सिराज अंगणातूनच बोलून गेला. "तुमच्या हट्टापायी भाईजानचं नाव पुसलं जाणार!"

हट्ट! बाई नवऱ्याची वाट बघते, त्याला हट्ट म्हणतात.

१ ऑक्टोबर

आनंदीबाई कशा सुचल्या नाहीत मला! तेव्हा गल्लीत भाजी विकायच्या. ह्यांनी सगळ्यांत शेवटी बाहेर काढलं ते त्यांनाच. आता मांजरी गावात मुलाकडे असतात. त्यांनी समितीला येऊन एवढंच सांगावं, की हे दिसेनासे झाले तेव्हा पोहत होते. बुडताना कोणी पाहिलेलं नाही! मी शिकवते त्या उर्दू शाळेला शुक्रवारी सुट्टी असते. जाते.

३ ऑक्टोबर

मांजरीला जाऊन आले.

सर्वपित्री अमावास्या आहे हे डोक्यातच नव्हतं. आनंदीबाई परसात पानं वाढत होत्या – भात, वडा, खीर. एक पान सासऱ्याचं, एक नवऱ्याचं. तिसरं कुणाचं, मी सहज विचारलं.

"हुसेनदादांचं. दरसाली काढते मी. तुमच्यात काय करत्यात मला ठावं न्हाई, मी आपली आमच्यावानी करते. त्यांच्या मागं कुणी काय करत न्हाई ना, बाई."

मी ओरडलेच. जिवंत माणसाचं पान काढता? कोणी सांगितलं तुम्हाला ते गेले म्हणून?

त्या रागावल्या नाहीत. हात पदराला पुसला. "मी बी दोन साल वाट बघितली. म्हनलं, येतील. पर दादा जित्ते असते तर तुमाला आन् पोरीला टाकून कुटं ऱ्हायले असते व्हय? त्यातला मानूस न्हाई त्यो."

ज्यासाठी गेले होते ते विचारलंच नाही. त्यांनी पानं पत्र्यावर ठेवली आणि आम्ही दोघी कावळ्याची वाट बघत बसलो. तिसऱ्या पानाशी तो लवकर येईना, तर माझा जीव खालीवर!

खरं आहे त्यांचं. हे असते तर आलेच असते. मी जिवंत म्हणत राहिले, पण त्यामुळे ते बायको-पोरीला टाकून राहणारे ठरतात, हे माझ्या मनाला कधी शिवलं नाही. मनातल्या मनात कितीदा भांडलेय त्यांच्याशी – आहात तर येत का नाही म्हणून! आणि इतकी वर्षं त्यांना जेवू घातलं ते एका परक्या बाईनं. गेलेल्यासाठी पढायची ती फातिहासुद्धा मी एकदा पढले नाही. कशी पढणार?

बसमध्ये रडले. शेजारच्या बाईनं खिडकी दिली.

४ ऑक्टोबर

सकाळीच श्रीधरपंतांना तारीख सांगून आले. त्यांनी लिहून घेतली. मी इद्दतला बसते म्हटल्यावर सिराज म्हणतो, "भाभी, विधवेनं घरात बसायची ती मुदत हिशेबानं केव्हाच सरली. आता कसल्या बसता?" त्याच्याच हाती शाळेत अर्ज धाडला. रजा – चार महिने दहा दिवस. कारण – पतीचे निधन.