परत केल्याची तारीख

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे, तरी पोचला असं समज.)

मी आठवीत असताना तू माझं कपाट उघडून म्हणाली होतीस, "तुझ्या डोक्यात कप्पेच नाहीत गं, सगळं एका पिशवीत कोंबलंय." ते वाक्य मी तीस वर्षं वागवलं. गेल्या महिन्यात ते जवळजवळ तसंच पुन्हा ऐकलं, तेही संगणकाच्या वर्गात, म्हणून हे पत्र. तुझी पाठ कशी आहे? शेजारणीशी बोलणं सुरू झालं का? (नसेल तर तूच आधी बोल, चूक तिची असली तरी.) इकडे सगळं ठीक.

आमच्या केंद्रातून आजारी माणसांना चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, वॉकर वापरायला देतात, हे तुला माहीत आहेच. त्याचं रजिस्टर एकतीस वर्षं केंद्रातल्या काकांनी लिहिलं. आता त्यांना अक्षर दिसेना, तेव्हा मंडळाने ठरवलं की सगळं संगणकावर घ्यायचं. शिकायला कोण जाणार म्हटल्यावर सगळे छताकडे बघू लागले. मी चहाकडे बघत होते, म्हणून माझ्यावर आलं.

पहिल्या दिवशी मी एकच मोठा तक्ता केला. त्यात माणूस, पत्ता, दुखणं, वस्तू, कधी नेली, शिफारशीची चिठ्ठी कोणाची आणि "डावं चाक कुरकुरतं" हेसुद्धा. शिकवणाऱ्या बाईंनी चष्मा वर करून पाहिलं. "हे काय, गाठोडं बांधलंय का?" मग त्यांनी समजावलं, की माणसांचा तक्ता वेगळा, वस्तूंचा वेगळा, प्रत्येकाला एक नंबर, आणि तिसऱ्या तक्त्यात फक्त कोणत्या नंबरची वस्तू कोणत्या नंबरच्या माणसाकडे कधी गेली आणि कधी परत आली. एका माणसाची माहिती एकदाच लिहायची, दहा ठिकाणी नाही. (हे आपल्या आत्याला कुणीतरी सांगायला हवं.) मला ते फार आवडलं. घरी सरावाला नातेवाईक घेतले. आईला एक, तुला दोन, मला तीन. जन्मापासूनचाच क्रम, बदलायचं धाडस झालं नाही.

घोळ पुढे झाला. बाई म्हणाल्या होत्या, महत्त्वाच्या रकान्यांवर "आवश्यक" अशी खूण करा, म्हणजे ते रिकामे सोडून कुणाला पुढे जाता येणार नाही. मला सगळेच रकाने महत्त्वाचे वाटले. मी सगळ्यांवर खूण केली, "परत केल्याची तारीख" यावरही. सोमवारी पाय मोडलेला एक गृहस्थ कुबड्या न्यायला आला, तर संगणक नोंद घेईना. आधी परत करा, मग न्या, असं त्याचं म्हणणं. गृहस्थ दारात एका पायावर उभा. शेवटी मी परत केल्याची म्हणून त्याच दिवसाची तारीख टाकली आणि कुबड्या दिल्या. युक्ती इतकी सोपी वाटली, की दिवसभर बसून रजिस्टरमधल्या नोंदी संगणकावर चढवल्या आणि सगळ्या रिकाम्या जागी तीच तारीख भरली. संध्याकाळपर्यंत एकशे बारा वस्तू कागदोपत्री घरी परतल्या होत्या.

मंगळवारी एक शिंपी आला. त्याच्या आईला शुक्रवारी दवाखान्यातून सोडणार, चालता येत नाही, खुर्ची हवी. संगणक म्हणाला, शिल्लक नऊ. मी तोऱ्यात विचारलं, "कुठली देऊ?" आणि मागच्या खोलीचं दार उघडलं. आत एक स्टूल आणि काकांची छत्री.

शिंपी चिडला नाही, त्याचाच त्रास झाला. "म्हणजे एकपण नाही?" म्हणाला. मग म्हणाला, "आई म्हणते, घरी नेशील तेव्हा मला दारापाशी बसव. रस्ता दिसला पाहिजे." मी त्याला शुक्रवारचा शब्द देऊन बसले.

बाईंनी खूण काढायला लावली, खोट्या तारखा पुसायला लावल्या. मी चुकांबद्दल माफी मागत होते, तर म्हणाल्या, "अहो, रिकामा रकाना म्हणजे चूक नाही. रिकामा म्हणजे अजून व्हायचंय." मग संगणकाला नीट प्रश्न विचारला, कोणत्या खुर्च्या परत आलेल्या नाहीत. नऊ ओळी आल्या. आठ जणांना फोन केले. आठही खुर्च्यांत माणसं बसलेली आहेत.

नवव्या ओळीत भावजींचं नाव आहे.

मी रजिस्टर काढलं. त्या ओळीपुढे काकांनी दोन वर्षांपूर्वी, भावजी गेले तेव्हा, पेन्सिलीने लिहिलंय, "राहू द्यावी." ताई, या दोन शब्दांना माझ्या कुठल्याच तक्त्यात जागा नाही. मी सगळे रकाने पुन्हा पुन्हा पाहिले.

मोठ्यांना नमस्कार, छोट्यांच्या गालाला चिमटा. पाठीला शेक घेत जा.

तुझी,
क्रमांक तीन

ता. क. गुडघ्याचं वर लिहिलं ते खोटं आहे. गुडघा बरा होऊन चौदा महिने झाले. केंद्रातली काठी माझ्याच नावावर होती, सोडवत नव्हती. आज परत केली आणि तारीख लिहिली. घरी येताना हात फार मोकळा वाटला, बरं वाटलं असं नाही.

ता. क. २. मागच्या वेळी तुझ्याकडे मी भावजींच्या खुर्चीवर पर्स ठेवली, तर तू ती उचलून खाली ठेवलीस. म्हणून तू नाही म्हणणार हे मला माहीत आहे, आणि तुझा रकाना मी रिकामाच ठेवला आहे. तरी विचारते. शुक्रवारी सकाळी मी टेम्पो घेऊन येते. खुर्ची देशील? आणि सोबत तूही चल. तिचा ब्रेक कसा लावायचा ते आमच्यात कुणालाच माहीत नाही, त्या शिंप्याला तू दाखव.