खोऱ्यातून पुढे गेलेले

१४ एप्रिल २००३
व्हर्जिनियातलं हे चार वर्षांतलं पाचवं घर. नितीनचं काँट्रॅक्ट संपलं की आमचं बिऱ्हाड पाठीवर. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, म्हणून गावातल्या म्युझियममध्ये फुकट काम मागितलं. हेलनबाईंनी (वय ऐंशी, कान तिखट) एका जुन्या डायरीच्या झेरॉक्स दिल्या. टाईप करायच्या. या डोंगरातल्या खोऱ्यात आलेल्या पहिल्या गोऱ्यांची डायरी. नऊ माणसं, बारा घोडे.

१७ एप्रिल
‘खोरं रिकामं आहे’ म्हणे. चार ओळींखाली मक्याची शेतं. मग मका काय आपोआप उगवला? हेलनबाईंना दाखवलं. हसल्या. म्हणाल्या, खाली तुझी टीप टाक. माझी टीप. एम. ए. हिस्ट्री झाल्यावर आठ वर्षांनी. घरी येईपर्यंत हवेत.

२ मे
मागच्या अंगणात पेरलेली मेथी चौथ्या दिवशीच वर आली. माती सोनं आहे. डायरीवालाही तेच लिहितो: इतकी कसदार जमीन पाहिली नाही, इथेच राहावंसं वाटतं. पुढची ओळ: सकाळी पुढे निघालो. मेल्याचा राग येतो. राहायचं होतं ना, मग राहा की.

१९ मे
नि.चं इथलं काम संपतंय. जर्सी सिटीला मिळालं. खूष आहे. "यार, तिकडे आपली माणसं आहेत, ट्रेन आहे. इथे काय आहे?" मी पोळी वाढत होते. इथे मी आहे, असं म्हणायला हवं होतं. सुचलं ते भांडी घासताना.

२७ मे
टीव्ही, मायक्रोवेव्हचे खोके आम्ही कधी फेकत नाही, शिफ्टिंगला लागतात. आज तो ऑफिसला गेल्यावर सगळे फाडून रिसायकलिंगमध्ये टाकले. संध्याकाळी म्हणाला, "वेड लागलंय का तुला?" लागलंय बहुतेक.

३० मे
साठ पानं उरलीत. हेलनबाई: "ऑगस्टपर्यंत आहेस ना?" हो म्हणून बसले. नि.ला अजून सांगितलेलं नाही.

७ जून
उद्या ट्रक. जेवताना एकदाचं सांगून टाकलं. "तू हो पुढे. लीज ऑगस्टपर्यंत आहेच, मी थांबते."
तो भात कालवत राहिला. चिडला असता तर बरं झालं असतं. मग हळूच, "ऑगस्टमध्ये येशील ना?"
मला तो हवाय. हे खोरंही हवंय. हो म्हणायला तोंड उघडलं, आणि दही वाढू का, असं विचारलं.