सासूबाईंच्या कळशीचं अठरावं शतक

मलकापूर (कराड),
मंगळवार, १० फेब्रुवारी

तीर्थरूप सुभेदार वीरधवलराव यांच्या चरणी मलकापूरहून मानसिंगचा दंडवत. (साडूला तीर्थरूप लिहितात का, असं संयोगितानं मागून वाचत विचारलं. एकाच मांडवाखालून नऊ वर्षांच्या अंतरानं गेलेले दोन बकरे. आधी गेला त्याला तीर्थरूप म्हणायला काय हरकत आहे?) तुमची साखर, प्रियदर्शनीताईंचे गुडघे आणि पुण्याची वाहतूक या तिन्ही गोष्टी आटोक्यात असतील अशी आशा आहे. आमच्याकडे साखर फक्त कारखान्यात वाढली आहे. बाकी क्षेम.

कागदावर पत्र का, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. त्याचं उत्तर हीच माझी पहिली तक्रार आहे आणि ती मी पूर्ण गांभीर्यानं नोंदवतो. ‘शहरात काय पाहावे (नातेवाईक)’ या नावाचा जो गट तुम्ही मोबाइलवर उघडला आहे, त्यात फक्त तुम्हालाच लिहिता येतं, अशी कळ तुम्ही दाबून ठेवली आहे. गेले चौदा महिने दर एक तारखेला सकाळी सव्वासहाला तुमची यादी येते. मी तोंडाला साबण लावून आरशापुढं उभा असतो, फोन टुणकन वाजतो, हात हलतो आणि हनुवटी कापते. चौदा महिने, चौदा जखमा. आणि यावर मला ‘वा’ असं दोन मात्रांचंही मत नोंदवता येत नाही. एखाद्या देशात असं झालं तर लोक रस्त्यावर उतरतात. आमच्यात पोस्टात जातात.

यादीबद्दल मात्र आदरच आहे. फौजेत अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर चित्र, शिल्प आणि नाटक यांचा नाद लागावा ही पुण्याच्या पाण्याची कमाल. पण यादी अजून फौजेचीच आहे. ‘दालन क्र. ३ : चुकवू नये. दालन क्र. ४ : चुकवल्यास चालेल. पाणी सोबत. पायांत बंद बूट. नाटक : साडेसहाला हजर. मध्यंतरातला वडा टाळावा.’ चित्रप्रदर्शन पाहायचं आहे की चौकी ताब्यात घ्यायची आहे, हे शेवटच्या ओळीपर्यंत उलगडत नाही. संयोगिता ती यादी मला मोठ्यानं वाचून दाखवते आणि वाचून झाल्यावर काही म्हणत नाही. ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या माणसाच्या बायकोनं अशी यादी वाचून गप्प बसावं, याचा अर्थ कळायला दालन क्रमांक लागत नाही. तेव्हा या महिन्यात सासूबाई आष्ट्याहून डोळा दाखवायला आमच्याकडं आल्या, डॉक्टरांनी डोळा उत्तम आहे असं सांगितलं, आणि संयोगितानं निकाल दिला की उत्तम डोळ्यानं आता काहीतरी उत्तम पाहिलं पाहिजे. शनिवारी पहाटे आम्ही तिघं गाडीत बसलो. (तुम्ही उभयता त्याच दिवशी लेकीकडं नागपूरला. आदेश काढणारा माणूस मोर्च्यावर नसतो हे आम्ही समजून घेतलं.)

यादीप्रमाणे पहिलं चित्रप्रदर्शन. एक भिंतभर पांढरं चित्र होतं, त्याच्या एका कोपऱ्यात तपकिरी फरांटा. शेजारी चारपाच मंडळी हनुवटीला हात लावून उभी. सासूबाईंनी बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं, ‘‘सारवायला घेतलंय आन् कुनीतरी हाक मारली असंल.’’ हनुवटीवाल्यांपैकी एकजण ते वहीत लिहून घेताना मी पाहिला. तिथून संग्रहालय. खाजगी आहे, नवं आहे, तिकीट आपल्या मलकापुरातल्या दोन जेवणांएवढं आहे. दालन क्र. ३, ‘विस्मृतीतलं घर’, चुकवू नये. आम्ही चुकवलं नाही, आणि सुभेदारसाहेब, चुकवलं असतं तर फार बरं झालं असतं.

त्या दालनात काचेच्या पेट्यांत जाती, रवी, पाटा, तिफण असं सगळं मंद उजेडात मांडलेलं आहे आणि कुठून तरी बासरी वाजते. सासूबाई प्रत्येक पेटीपाशी थांबून, ‘‘ह्ये आपल्या गोठ्यात हाय, ह्येच्यात कोंबडी बसती,’’ अशी माहिती देत चालल्या होत्या. मागं दोन परदेशी पाहुणे लागले. त्यांना भाषा कळत नव्हती, पण अधिकार कळत होता. सातव्या पेटीपाशी सासूबाईंनी काचेवर हात टेकला. आत तांब्याची कळशी. खाली पाटी : ‘जलपात्र. दख्खन, अठरावे शतक. मालक अज्ञात.’

‘‘माजी कळशी हितं कशी आली?’’ सासूबाई म्हणाल्या.

दाराशी मिशीवाले रखवालदार होते ते पुढं आले. ‘‘आजी, काचेला हात लावू नका. अठराव्या शतकातली आहे.’’

‘‘आन् मी कुठल्या शतकातली दिसते तुमास्नी?’’

मग सासूबाईंनी काठाजवळचा पोचा दाखवला. सासरे (कै. नाथाजीराव) लग्नाच्या वर्षी आडावर कळशी घेऊन घसरले होते, त्याचा तो पोचा. रखवालदार बिचारे भले. त्यांनी पेटीमागं जाऊन मोबाइलचा उजेड पाडला आणि भिंतीकडच्या बाजूला ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं मोठ्यानं वाचलं : ‘चि. बनुबाई हिस मामाकडून. सन १९६६.’ त्या दालनात पहिल्यांदाच कुणीतरी काहीतरी वाचलं असावं, कारण बासरीसुद्धा थांबली. (ती दर वीस मिनिटांनी थांबते.) आतून एक चष्मेवाल्या विदुषी आल्या. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि समजावलं की हे नाव नंतरच्या काळात कुणीतरी घातलेलं आहे, नावामुळं वस्तूचं मोल उतरतं, म्हणूनच ती बाजू भिंतीकडं केली आहे. ज्या बाईचं नाव, ती समोर उभी, आणि तिच्यामुळंच मोल उतरलं! इतकी नेमकी टीका मी तुमच्या चौदा याद्यांत वाचलेली नाही.

मला वाटलं, आता सासूबाई आवाज चढवणार. त्या बाकावर बसल्या, पदरानं चष्मा पुसला आणि अगदी हळू म्हणाल्या, ‘‘म्हंजी हरणीनं इकली तर.’’

हरणी म्हणजे तुमच्याआमच्या हरणाकाकू, सासूबाईंची धाकटी जाऊ. आष्ट्यात समोरासमोर दारं, मधे पाच पावलांचा बोळ, आणि सव्वीस वर्षं अबोला. कारण तुम्हाला ठाऊक आहे : आमच्या पहिल्या दिवाळीला ही कळशी मागच्या खोलीतून गेली, आणि त्या सकाळी त्या खोलीत बाहेरचं माणूस म्हणून फक्त हरणाकाकू आल्या होत्या, चकलीचा सोऱ्या मागायला. तेव्हापासून जावेला काही कळवायचं असलं तर सासूबाई म्हशीशी बोलतात. (‘‘आज बोळात कुनी पानी वतलं गं, सगुणे?’’ हे म्हशीला. पाणी हरणाकाकू पुसतात.) हरणाकाकूंनी घेतलं असंही कधी म्हटलं नाही आणि घेतलं नाही असंही नाही. गावानं त्यातून घ्यायचा तो अर्थ घेतला. लग्नकार्यात त्यांच्या हाती कुणी भांड्यांची किल्ली दिली नाही.

परतीच्या वाटेवर नाटकाचं कुणी नावच काढलं नाही. उसाच्या ट्रॅक्टरमागून रांगत येताना सासूबाईंनी बेत सांगितला. पुढच्या रविवारी, म्हणजे बावीसला, हरणीला गाडीत घालून पुण्याला न्यायचं, काचेपुढं उभं करायचं आणि सगळ्यांदेखत विचारायचं. थोडक्यात, ज्या दालनाला तुम्ही ‘चुकवू नये’ असा शेरा दिला, तिथं आता पंचनामा होणार आहे. निरोपही गेला. (म्हशीमार्फत नव्हे. फोनवर, शेजारणीकडून.)

तेव्हा तुमच्या ओळखीनं त्या पाटीवरचं शतक आणि मालक एवढं दुरुस्त करून घ्यावं, ही विनंती. प्रियदर्शनीताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला नम्र,
मानसिंग

ता. क. (बुधवार. हे दुकानात बसून लिहितोय, इथं मागून वाचायला फक्त नळ्या आहेत.) पाटीचं राहू द्या. खरी विनंती अशी की गटावर उद्याच्या उद्या टाका : ‘दालन क्र. ३ दुरुस्तीसाठी बंद.’ तुमच्या गटात कुणालाच उलट विचारता येत नाही, ती कळ पहिल्यांदाच उपयोगी पडेल.

कारण, साहेब, कळशी मी नेली.

पहिला दिवाळसण. जावई म्हणून पाटावर बसवलेला, ओवाळलेला, आणि खिशात परतीच्या एसटीपुरतं. सांगलीत मुंबईचं नाटक आलं होतं आणि संयोगिता एकदा, फक्त एकदा, म्हणाली होती की जायला मिळालं तर बरं. आता जावयानं सासऱ्यापुढं हात पसरावा? जग बुडालं तरी नाही. पण मागच्या खोलीतली, वर्षानुवर्षं पालथी पडलेली कळशी पोत्यात घालून, त्याच सासऱ्याच्या लुनावरून सांगलीला कुतुबुद्दीनभाईंच्या मोडीच्या दुकानात घालायला मला मुळीच लाज वाटली नाही. आमच्याकडच्या मानपानाचं शास्त्र असं सूक्ष्म आहे. आठ दिवसांत सोडवून नेतो असं सांगितलं होतं. आठ दिवसांनी धंद्याची अडचण होती, आठ महिन्यांनी अबोला पक्का झाला होता, आणि नंतर मी चारचौघांत हरणाकाकूंवर विनोदही केले. बरे झाले होते.

काल कुतुबुद्दीनभाईंना भेटून आलो. दुकान आता नातू अश्फाक बघतो, म्हातारा आत बाजेवर असतो. त्यांनी ओळखलं. म्हणाले, ‘‘नाव घातलेलं भांडं आमी मोडीत न्हाई गाळत, साहेब. नाववालं मानूस कवातरी येतंय.’’ अकरा वर्षं त्यांनी ती फळीवर ठेवली. मग एका हौशी संग्राहकाला दिली.

तर, दालन बंद. कृपया.

ता. क. दुसरा. (गुरुवार.) आज आष्ट्याला जाऊन आलो. कबुली द्यायला गेलो असं समजू नका, तेवढा मी सुधारलेला नाही. हरणाकाकूंनी गुडघ्याचं कारण काढून पुण्याला यायचं टाळावं, एवढंच पटवायला गेलो होतो. त्या तांदूळ निवडत होत्या. माझं भाषण त्यांनी पुरतं ऐकलं.

‘‘मी जानार की,’’ म्हणाल्या. ‘‘आक्का सव्वीस वर्सांनी कुटंतरी न्हेतीया मला. आन् तुमी घाबरू नगा, जावईबापू. तितं बी मी काय बोलत न्हाई.’’

‘‘काय बोलत नाही?’’ मी म्हटलं.

‘‘आवं, सोऱ्या मागाया आल्ते तवा तुमी पोत्याचं तोंड बांधत हुता. मी दारातनंच मागं फिरले.’’

मग सांगितलं का नाही, असं मी विचारलं. साहेब, त्यांनी सुपातून नजरही काढली नाही.

‘‘पयल्या दिवाळीला जावयाचं नाव चोरीत घ्यायचं? मग आमच्या पोरीनं तोंड कुटं दावायचं? माजं काय, मी जाऊ. जावंला चोर म्हनायला काय लागतंय.’’

वर चहा दिला. त्यात साखर जास्त होती. पाहुण्यासारखी.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. (शनिवार.) पहिल्या ताज्या कलमाकडं दुर्लक्ष करा. दालन उघडंच राहू द्या.

गुरुवारी रात्री संयोगिताला सांगितलं. तिला त्या नाटकाचं नावसुद्धा आठवेना. ते आठवत नाही याचाच तिला जास्त राग आला, आणि काल दिवसभर ती यादी न वाचताच गप्प होती. काल दुपारी पुन्हा आष्टा. सोमवारीच घरी परतलेल्या सासूबाई परसात होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं, मधे कंस न घालता. पोतं, लुना, मोड, आणि सोऱ्याचंही. म्हैस आणि सासूबाई दोघी माझ्याकडं बघत राहिल्या. मग सासूबाईंनी विचारलं,

‘‘नाटक तरी बरं हुतं का?’’

सव्वीस वर्षं मी ते नाटक लोकांना अप्रतिम म्हणून सांगत आलोय. पहिल्यांदाच खरं बोललो. म्हटलं, ‘‘मध्यम होतं. दुसऱ्या अंकात मी झोपलो.’’

‘‘अरं द्येवा,’’ त्या म्हणाल्या. रागावल्या का, तर नाही. उठल्या, हातपाय धुतले, नवं लुगडं नेसल्या (पाच पावलांसाठी!) आणि बोळ ओलांडून गेल्या. आत काय झालं ते मला माहीत नाही. दार लोटलेलं होतं. रडण्याचा आवाज आला, मग भांडणाचा, मग बराच वेळ कशाचाच नाही. बाहेर येऊन सासूबाईंनी मला आदेश दिला, तुमच्या यादीला लाजवील असा : बावीसच्या रविवारी दोघी पुण्याला येणार, गाडी मी चालवायची, दालनात मी यायचं नाही. कळशी त्या मागणार नाहीत. फक्त काचेपुढं उभं राहून हरणीला पोचा दाखवायचा आहे.

आज सकाळी सांगलीला गेलो. पुढच्या शुक्रवारी तिथं एक नाटक आहे. चांगलं आहे की मध्यम, मला माहीत नाही, तुमच्या यादीत ते असणार नाही. तिसऱ्या रांगेतली दोन तिकिटं काढली, परत आष्ट्याला वळलो आणि हरणाकाकूंच्या देवळीत, त्यांच्या सुपारीच्या डबीखाली ठेवून आलो. हाक मारली नाही. त्या घरात नव्हत्याच, समोरच्या घरी होत्या.