बशीतलं औषध

प्रिय बाबा,

आज उंदरांवरच्या चाचणीचे निकाल आले. जेवायचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. हे आधी तुम्हाला सांगायला हवं, म्हणून लिहितेय.

आठवतं, मी पुण्याच्या लॅबमधून फोन केला होता? "बाबा, आमच्या औषधानं माकडतापाचा विषाणू मेला!" तुम्ही विचारलंत, "म्हंजी आता त्या तापानं कोन मरनार नाय ना गो?" मी हसून "नाही" म्हटलं. विषाणू मेला होता तो काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींमध्ये, माणसात नव्हे. एवढं एक वाक्य सांगायला मला काय झालं होतं? कौतुक हवं होतं, दुसरं काय. तुम्ही ते कोलाडच्या नाक्यापासून रोह्याच्या बाजारापर्यंत सांगत फिरलात.

बैलाच्या अंगावरच्या गोचिडी वेचून तुम्ही रॉकेलच्या करवंटीत टाकायचात. मी नाक मुरडायचे. "पेनच्या कॉलेजात जाऊन किळस आली व्हय?" म्हणायचात. पुढे गोचिडीतूनच होणाऱ्या माकडतापावर पोरीला नोकरी लागली, याची तुम्हाला भारी गंमत वाटायची.

काजूच्या हंगामाला आत्याकडे तळकोकणात, माकडतापाच्या भागात गेलात आणि ताप घेऊन आपल्या गावी, खांबला परतलात. ताप उतरला, परत चढला, बोलणं असंबद्ध व्हायला लागलं. आई रोह्याला दवाखान्यात चला म्हणून मागे लागली, तर म्हणालात, "पोरीकडं औषद हाय. शनवारी आनील." मला मात्र फोनवर एका शब्दानं कळवलं नाहीत. का हो बाबा? शनिवारी मी आले, तेव्हा तुम्ही मला ओळखलं नाहीत, आणि तसेच गेलात. माझ्या पिशवीत तुमच्यासाठी नुसतं फरसाण होतं.

निकाल सांगते. विषाणू टोचल्याबरोबर औषध दिलं, तर काही उंदीर वाचतात. तो मेंदूत पोचल्यावर दिलं, तर एकही नाही. म्हणजे आणलं असतं तरी उपयोग नव्हता. पण दवाखान्यात चार दिवस आधी गेला असतात तर? त्याचं उत्तर आमच्या लॅबमध्ये मिळत नाही.

आई अजून म्हणते, "शनवार जरा आदी आला आसता, तर त्यांना औषद मिळालं आसतं गो." ती वाराला दोष देते आणि मी गप्प राहते, कारण ते मला सोयीचं आहे.

या शनिवारी खांबला येतेय. आईजवळ बसून सांगेन, की शनिवारला उशीर झाला नव्हता. माझ्याकडे औषध नव्हतंच. ती माझ्याशी बोलायची थांबली तरी सांगेन.

तुमची,
सुमन