टिटवीचा ताबा मुकादमांकडे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे पंचेचाळीस, धंदा टॉवर क्रेन चालवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. हे लिहावे म्हणून कोणी माझ्यावर दडपण आणलेले नाही. लिहू नये म्हणून मात्र दोघांनी आणले, त्यांना न जुमानता लिहीत आहे. याआधी असा कागद मी केलेला नाही.

१. कारण. परवा सकाळी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. शिडी चढताना धाप लागू लागली तेव्हा क्रेनवर जाणे मी आपणहून थांबवले. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बहुतेक जण उठून बसतात." मी विचारले, "आणि बाकीचे?" त्या म्हणाल्या, "त्यांनी कागदपत्रं करून ठेवलेली बरी." बाई मला आवडल्या.

२. घर. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, गॅलरीसह, माझ्या पश्चात संपूर्णपणे माझ्या मुलीच्या. तिला सगळे टिटवी म्हणतात, कारण पाळण्यात होती तेव्हापासून ती रडली की खालच्या रस्त्यावरची माणसे वर बघत. तिच्या शिक्षणासाठी गरज पडली तर घर भाड्याने द्यावे. ती सज्ञान होईपर्यंत विकू मात्र नये. माझे दीर, म्हणजे टिटवीचे काका, यांचे म्हणणे आहे की घर विकावे, मुलीने त्यांच्याकडे राहावे आणि जमिनीवरचे काहीतरी शिकावे. भावजी वाईट नाहीत. टिटवीचे बाबा परांचीवरून पडून गेले तेव्हा इस्पितळातून त्यांना घरी आणायला हेच गेले होते, आणि मला तिथे येऊ दिले नाही. त्यानंतरही मी क्रेन चालवत राहिले, हे त्यांना आजतागायत पटलेले नाही. गेल्या रविवारी ते इथेच बसून म्हणाले, "वहिनी, उंचीनं या घरातला एक माणूस नेला. तुम्ही रोज वर जाऊन बसत होता. आता पोरीला त्याच्याही वर धाडणार? किती द्यायचं त्या आभाळाला?"

तरी कलम तेच राहील.

३. टिटवीला अंतराळवीर व्हायचे आहे. हे खूळ कोणी भरवले असे नातेवाईक विचारतात, म्हणून लिहून ठेवते. कोणीही नाही. लहान असताना तिने मला विचारले होते, "आई, वर तू दिवसभर एकटी असतेस, तुला शू लागली तर काय करतेस?" मी खरे काय ते सांगितले. पुढे अंतराळात राहणाऱ्या माणसांवर तिने पुस्तक आणले, तेव्हाही सगळ्यात आधी तेच शोधले. मग म्हणाली, "म्हणजे तुझ्यासारखंच की. छोटी खोली, काचेतून खाली बघायचं आणि हात हलू द्यायचा नाही." त्या दिवसापासून माझ्या परीने मी तिच्या मागे उभी आहे. पोहणे शिकवले, गणिताच्या बाईंकडे पाठवले, एक दाढ किडली तर डॉक्टरकडे रडत-ओरडत ओढत नेले, कारण दातांवरूनही बाद करतात म्हणे. यापलीकडचे मला काही कळत नाही आणि कळल्याचा आव मी कधी आणला नाही.

४. पालक. कायद्याच्या भाषेत टिटवी अजून 'अज्ञान' आहे. हा शब्द वाचून ती फणकारली होती. ती सज्ञान होईपर्यंत तिचे पालक व या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी आमच्या जुन्या साइटवरच्या मुकादमांना नेमते. ते आमच्या नात्यातले नाहीत. मध्यंतरी बराच काळ मी त्यांच्याशी बोलतही नव्हते. यावर उद्या कोणी बोट ठेवील, म्हणून काय घडले ते सांगते.

टिटवी चौदा वर्षांची असताना एक दिवस शाळा सुटल्यावर साइटवर आली. पहारेकरी ओळखीचा होता, त्याने आत सोडले. मी वर केबिनमध्ये होते. दुपारपासून वारा वाढत होता, आणि क्रेनच्या हाताला सळ्यांचा गठ्ठा लटकत होता. खाली माणसे होती. गठ्ठा जागेवर उतरवून क्रेनचा हात वाऱ्याबरोबर फिरायला मोकळा सोडायचा, एवढेच काम उरले होते. तेवढ्यात खालून मला दिशा सांगणारा सिग्नलवाला बोलता बोलता थांबला. मी वॉकी-टॉकीवर विचारले, "काय झालं?"

"काही नाही बाई, काही नाही. चालू द्या."

त्याचा आवाजच सांगत होता. गठ्ठ्यावरची नजर काढून मी खाली शोधू लागले आणि गठ्ठा झुलला. खाली आरडाओरडा ऐकू आला. मग मुकादमांनी त्याच्या हातून यंत्र घेतले.

"बाई, ऐका. टिटवी शिडीवर आहे. अर्ध्याच्या वर. तुम्ही तिच्याकडे बघू नका, गठ्ठ्याकडे बघा."

"पट्टा लावलाय तिनं?"

"नाही."

"घाबरलीय?"

"घाबरलीय. पण टप्प्यावर बसलीय आणि कठडा धरलाय. सुटला तर मी सांगीन. खोटं सांगणार नाही. आता डावीकडे घ्या."

मी डावीकडे घेतले. गठ्ठा खाली टेकेपर्यंत ते एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, "बसलीय. बसलीय. बसलीय." क्रेन मोकळी सोडली आणि मी शिडीने उतरू लागले. अख्खा सांगाडा कण्हत होता. टिटवीने दप्तराचा पट्टा कठड्यातून ओवून स्वतःच्या कमरेला बांधला होता. मी आधी तिच्या थोबाडीत मारली आणि मग तिला घट्ट धरले.

"कशाला आलीस वर?"

"भीती कुठं लागते ते बघायचं होतं."

"मग?"

"इथं लागली. पुढं जायला देईना. मग मी बसले, तर तीपण माझ्याजवळ बसली."

दुसऱ्या दिवशी मुकादमांनी घडले ते सगळे वर कळवले आणि माझे काम गेले. लोक म्हणाले, बाई एकटी आहे, झाकता आले असते. मलाही तसेच वाटले. रस्त्यात दिसले तरी मी तोंड फिरवून जात असे. टिटवी मात्र त्यांच्याकडे माफी मागायला गेली. त्यांनी विचारले, "मी लिहिलं त्यात काही खोटं होतं?" ती म्हणाली, "नाही." ते म्हणाले, "मग तू माफी माग, पण मी मागणार नाही." पुढे दुसऱ्या कंपनीने माझी चौकशी केली, तेव्हा याच माणसाने सांगितले की त्या वाऱ्यात, पोटची पोर शिडीवर असताना, या बाईने गठ्ठा बोटभरही चुकवला नाही. ते काम मला त्यांच्या शब्दावर मिळाले, हे मला त्या कंपनीच्या साहेबाकडून कळले. मुकादम स्वतः माझ्याजवळ त्याबद्दल अवाक्षर बोलले नव्हते.

पालक होण्याबद्दल विचारले तेव्हा ते म्हणाले, "मला त्या रॉकेटमधलं ओ की ठो कळत नाही." मी म्हटले, मलाही नाही. त्यांनी विचार करायला वेळ मागितला आणि होकार देताना एक अट घातली : काकांचे येणे-जाणे, मुलीवरचा हक्क, काही तोडायचे नाही. अट मला मान्य आहे व ती या कलमाचा भाग समजावी.

५. किरकोळ. क्रेनवर चढताना लावायचा माझा कमरेचा पट्टा टिटवीला. तो तिला सैल होईल, आणखी भोके पाडून घ्यावीत. उन्हाचा काळा चष्मा सिग्नलवाल्याला, म्हणजे आवाज नाही तर निदान डोळे तरी झाकता येतील. शिवणयंत्र शेजारच्या काकूंना, कारण ते तसेही त्यांच्याकडेच असते. टिटवीच्या बाबांचे हेल्मेट भावजींनी मागे मागितले होते व मी दिले नव्हते. ते आज सकाळी त्यांच्या हातात दिले, म्हणून इथे धरत नाही. बँकेत जे आहे ते टिटवीचे.

६. शेवटचे व सर्वांत महत्त्वाचे. टिटवीच्या अंतराळाची पहिली पायरी म्हणजे वैमानिक घडवणारी निवासी शाळा. तिची अंतिम निवड माझ्या ऑपरेशनच्या दिवशीच सुरू होते. शारीरिक तपासणी, मुलाखत, सगळे दूरच्या गावी. टिटवीने जायला साफ नकार दिला. आमचे असे भांडण पूर्वी कधी झाले नव्हते. मी म्हटले, "तू गेली नाहीस तर मीही त्या टेबलावर झोपणार नाही." ती म्हणाली, "ही धमकी झाली." मी म्हटले, "हो, झाली."

ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. परत आली तेव्हा डोळे लाल होते.

"जाते. पण तुला काही झालं तर मला लगेच कळलं पाहिजे. निवड संपेपर्यंत थांबायचं नाही."

"मुलाखत चालू असली तरी?"

"असली तरी. वर गेल्यावर इथं खाली काही झालं तर तेव्हाही असंच कळेल ना? मग आत्ता का नको?"

"आणि तू सगळं सोडून निघून आलीस तर?"

"येईन किंवा नाही येणार. ते मी ठरवीन, आई. तुम्ही कोणी ठरवायचं नाही."

भावजींचे म्हणणे, असे कोणी करते का, पोर कोसळेल. कोसळेलही. तरी माझी आज्ञा आहे की बातमी तिला त्याच क्षणी द्यावी आणि फोन मुकादमांनी करावा. तब्येत बिघडली, जरा येऊन जा, असे काही बोलू नये. मी गेले असेन तर "गेली" हाच शब्द वापरावा. त्यानंतर फोन ठेवू नये, ती ठेवील तेव्हाच ठेवावा. आणि पुढे ती जे ठरवील त्याला कोणी नावे ठेवू नयेत.

वरील मजकूर मी वाचला आहे, तो माझाच आहे, व खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही करीत आहे.

ठिकाण : राहते घर, स्वयंपाकघर.
तारीख : ९ मार्च, सोमवार.

(सही) टिटवीची आई

साक्षीदार पहिले : आमचे नेहमीचे डॉक्टर.
"बाईंना तपासले. पूर्ण शुद्धीत आहेत. नाडी थोडी जलद आहे." (सही)

साक्षीदार दुसरे : माझे दीर, टिटवीचे काका.
"सगळे वाचले. कलम चार आणि सहा मला मान्य नाहीत, तसे वहिनींना तोंडावर सांगितले आहे. त्यांनी माझ्यासमोर सही केली, एवढ्याची साक्ष देतो. पोरीची गाडी संध्याकाळी आहे. तिच्याबरोबर मी जातो आहे. निवड संपेपर्यंत तिथे फाटकाबाहेर थांबेन. मुकादमांनी फोन तिलाच करावा, मला आधी करू नये. मला कळले तर माझ्या तोंडावरून तिला कळेल." (सही)